दुकानात नव्याने लागलेल्यांसाठी : हाताबद्दल

जळगावच्या दाणाबाजारात वीस वर्षे काउंटरमागे काढल्यावर तुम्हाला पहिली गोष्ट हीच सांगेन, की फळीवरून उतरताना बोटात अंगठी ठेवू नका; माझी एकदा रॅकच्या आकड्यात अडकली होती, आणि कातडे वाचले ते केवळ अंगठी सैल होती म्हणून. खोके फोडताना कटर अंगाकडे ओढू नये, आणि वेफर्सच्या यंत्रात अडकलेली केळीची चकती काढण्यापूर्वी बटण नव्हे, प्लगच काढावा.

बोट तुटलेच, तर तुकडा ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून कोरड्या प्लॅस्टिक पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. तुकड्याला बर्फ थेट लागता कामा नये. जखमेवर हळद किंवा चहापत्ती दाबू नये, स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. काप लहान दिसला तरी बोटाचे टोक वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल, तर आत स्नायुबंध वा नस तुटलेली असू शकते. अशा वेळी नुसते टाके घालून घरी परतू नका.

पुढचा काळ अधिक चिवट असतो. आखडलेले बोट सैल करण्यासाठी व्यायाम कित्येक आठवडे करावा लागतो, आणि हिवाळ्यात ते बोट ठणकते. अपघाताची लेखी नोंद त्याच दिवशी मालकाकडून करून घ्या. ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) विमा असेल, तर कामावरच्या दुखापतीने सुटलेल्या दिवसांसाठी वेतनाच्या ९० टक्के भत्ता मिळतो, मात्र डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. संकोचापोटी ‘घरीच लागले’ असे दवाखान्यात लिहून देऊ नका.