पिलग्रिम लोक सामूहिक शेतीमुळे उपाशी मेले का?

प्रश्न असा आहे: "मेफ्लॉवर जहाजातून धर्मस्वातंत्र्यासाठी अमेरिकेत गेलेल्या पिलग्रिम लोकांनी तिथे साम्यवादी पद्धतीची सामूहिक शेती केली आणि त्यामुळे निम्मे लोक भुकेने मेले, हे खरे का? आज अमेरिकेत त्यांचे काय उरले आहे?"

खरे नाही. दर नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंग जवळ आले की हा मजकूर ग्रुपवर फिरू लागतो, आणि खाली कोणीतरी "बघा, म्हणूनच फुकट वाटप नको" असे लिहून मोकळा होतो. फुकट वाटप हवे की नको ते तुमचे तुम्ही ठरवा, पण त्यासाठी प्लिमथच्या, म्हणजे पिलग्रिमांच्या वसाहतीतल्या, मेलेल्यांना साक्षीला उभे करू नका.

आधी तारखा लावून घेऊ. सोबतचे स्पीडवेल जहाज गळके निघाल्याने दोनदा मागे फिरावे लागले आणि मेफ्लॉवर एकटे निघाले ते ६ सप्टेंबर १६२० ला. केप कॉडच्या आडोशाला नांगर पडला ११ नोव्हेंबरला. (या तारखा तेव्हाच्या इंग्रजी कॅलेंडरच्या आहेत, आजच्या हिशेबाने दहा दिवस पुढे धरा.) प्रवासी १०२. जागा शोधून घरे उभारायला सुरुवात होईतो डिसेंबर संपत आला. पुढचे दोन-तीन महिने स्कर्व्ही (ताजे अन्न न मिळाल्याने होणारा रोग), थंडी आणि जहाजातला कोंदटपणा यांनी माणसे पटापट गेली. काही दिवस तर दोन-तीन मृत्यू एकाच दिवशी झाले आणि आजाऱ्यांचे करायला सहा-सात धडधाकट माणसे उरली होती. हिवाळा संपला तेव्हा जेमतेम निम्मे जिवंत होते.

पहिला मका पेरला गेला एप्रिल १६२१ मध्ये. म्हणजे माणसे मेली तेव्हा शेतात एक दाणाही पडलेला नव्हता. मग ती शेतीच्या पद्धतीमुळे मेली कशी?

आता ज्याला साम्यवाद म्हटले जाते त्या सामायिक कोठाराकडे या. ते कोणा धर्मगुरूच्या किंवा तत्त्वज्ञाच्या डोक्यातून निघालेले नाही. तो लंडनच्या गुंतवणूकदारांबरोबरचा करार होता: १ जुलै १६२० चा, दहा कलमांचा. सोळा वर्षांवरचा जो माणूस जाईल त्याचा स्वतःच्या अंगमेहनतीपोटी दहा पौंडांचा एक भाग. तो शिवाय दहा पौंड रोख किंवा सामान घालील तर दोन भाग. दहा ते सोळा वयाची दोन मुले मिळून एक भाग. दहाच्या आतल्या मुलाला शेवटी पन्नास एकर पड जमीन आणि बाकी काही नाही. सात वर्षे व्यापार, मासेमारी, शेती यांतून जे मिळेल ते सामायिक साठ्यात. खाणे-कपडे त्याच साठ्यातून. सात वर्षांनी भांडवल आणि नफा भागांप्रमाणे वाटायचा. ऊसतोडीची उचल घेतलेल्या जोडीसारखी गत, फक्त हंगाम सात वर्षांचा आणि मुकादम समुद्रापलीकडे. याला साम्यवाद म्हणायचे तर प्रत्येक खासगी कंपनी साम्यवादी ठरेल.

भांडण नेमके कशावर झाले तेही बघा. जाणाऱ्यांचे म्हणणे होते की घर आणि परसबाग वाटणीतून वगळा आणि आठवड्याचे दोन दिवस आम्हाला स्वतःच्या कामासाठी द्या. लंडनकरांचा माणूस टॉमस वेस्टन याने दोन्ही कलमे काढून टाकली. साउदॅम्प्टन बंदरात या मंडळींनी सुधारित करारावर सही करायला नकार दिला. वेस्टन चिडला आणि बंदराचे देणे भागवायला लागणारे शंभरेक पौंड त्याने दिले नाहीत. मग यांनी स्वतःच्या शिध्यातले साठ ते ऐंशी पिंपे लोणी विकून देणे चुकवले. एका पिंपात ५६ पौंड लोणी, म्हणजे पंचवीसएक किलो. हिवाळ्याच्या तोंडावर समुद्र ओलांडणाऱ्यांनी दीड-दोन टन स्निग्ध अन्न किनाऱ्यावरच सोडले. मजकूर फिरवणाऱ्यांना हे लोणी कधी आठवत नाही.

पुढचे वर्षही तसेच. टिस्क्वांटम नावाचा पटुक्सेट जमातीचा माणूस यांना भेटला. त्याला १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने पळवून स्पेनमध्ये विकायला नेले होते. तो परत आला तेव्हा साथीने त्याचे सगळे गाव मेले होते. प्लिमथ वसले ते त्याच गावाच्या मोकळ्या शेतांवर. जमीन आधीच कसून थकलेली, म्हणून एप्रिलच्या मध्याला ओढ्यातून वर चढणारे मासे धरायचे आणि मक्याच्या प्रत्येक आळ्यात खत म्हणून पुरायचे, हे त्याने दाखवले. खताशिवाय इथे काही उगवणार नाही, असे त्याने स्पष्ट बजावले होते. वीस एकर मका चांगला आला. सहा एकरांत इंग्लंडहून आणलेले बार्ली आणि वाटाणे पेरले होते. बार्ली बरी झाली, वाटाणा फुलावर असताना उन्हाने करपला. दोष बियाणे आणि हंगाम यांचा, मालकीहक्काचा नव्हे.

नोव्हेंबर १६२१ ला फॉर्च्युन जहाज आले. त्यात ३५ नवी माणसे, आणि बरोबर ना शिधा, ना अंथरूण-पांघरूण. सगळ्यांचा शिधा निम्म्यावर आला. त्याच जहाजातून वेस्टनचे पत्र आले: मेफ्लॉवर रिकामे परत पाठवलेत, तुमचे हात नव्हे, बुद्धी दुबळी आहे. पत्र ज्याच्या नावे होते तो गव्हर्नर कार्व्हर एप्रिलमध्येच वारला होता. उत्तर त्याच्या जागी आलेल्या विल्यम ब्रॅडफर्डने दिले आणि जहाजात बीव्हर या नदीकाठच्या प्राण्याची कातडी व लाकडी फळ्या मिळून सुमारे पाचशे पौंडांचा माल भरला. वाटेत फ्रेंचांनी तो लुटला. १६२२ ची टंचाई या सगळ्यातून आली.

१६२३ मध्ये ब्रॅडफर्डने माणशी हिशेबाने मक्यापुरती जमीन कुटुंबांना वाटून दिली हे खरे. पण ती त्या हंगामापुरती, वारसाहक्क नाही आणि बाकी सगळे पूर्वीप्रमाणे सामायिक. १६२४ मध्ये माणशी एक एकर कायमची मिळाली. लंडनकरांचे भाग विकत घ्यायचे ठरले ते १८०० पौंडांना, वर्षाला २०० चा एक असे नऊ हप्ते. मधल्या काळात वसाहतीचा माइल्स स्टँडिश लंडनला जाऊन दीडशे पौंड पन्नास टक्के व्याजाने घेऊन आला, आणि नंतर वसाहतीच्याच आयझॅक अलर्टनला दोनशे पौंड तीस टक्क्यांनी मिळाले तेव्हा स्वस्त पडले म्हणून सगळे खूश. शेवटी ब्रॅडफर्ड आणि आणखी काही जणांनी सगळे कर्ज अंगावर घेतले. बदल्यात सहा वर्षे कातडी-व्यापाराचा मक्ता. खरा पैसा तिथे होता. डचांकडून पन्नासेक पौंडांचे वाम्पम, म्हणजे शिंपल्यांचे मणी, घेतले आणि केनेबेक नदीवर ते देऊन बीव्हर मिळवले.

२२ मे १६२७ ची गुरांची वाटणी तर वाचावीच. १५६ माणसे, १३-१३ चे बारा गट. पहिल्या गटाला, फ्रान्सिस कुकच्या, मिळाले काय? जेकब जहाजातून आलेल्या चार काळ्या कालवडींपैकी सर्वांत लहान एक आणि दोन शेळ्या. तेरा माणसांत एक कालवड! खासगी मालकी आली आणि सुबत्ता आली म्हणणाऱ्यांनी तिचे दूध तेरा पेल्यांत ओतून बघावे.

धर्मस्वातंत्र्याचे थोडक्यात सांगतो. ते त्यांना आधी हॉलंडातल्या लायडन शहरात मिळालेलेच होते. १६०९ पासून तिथे त्यांना कोणी छळत नव्हते. सोडायची कारणे वेगळी: कापडधंद्यातले हाल, मुले डच होत चाललेली, आणि हॉलंडचा स्पेनबरोबरचा तह १६२१ ला संपणार. शिवाय मेफ्लॉवरवरचे सगळे लायडनच्या मंडळीतले नव्हते. निम्म्याच्या आसपास बाहेरचे होते. १६३० ला विन्थ्रॉपबरोबर बॉस्टनला आले ते प्युरिटन वेगळे. त्यांना इंग्लंडच्या चर्चमधून फुटायचे नव्हते, ते सुधारायचे होते. स्वातंत्र्य त्यांना हवे होते ते स्वतःपुरते. १६३१ पासून मतदानाचा हक्क चर्चच्या सभासदांनाच. १६५९ मध्ये नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड. १६५९ ते १६६१ या काळात चार क्वेकरांना (वेगळ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना) फाशी, त्यात मेरी डायर ही बाई. आज अमेरिका ज्याला धर्मस्वातंत्र्य म्हणते ते यांनी हाकललेल्या रॉजर विल्यम्सच्या प्रॉव्हिडन्समधून येते, असे माझे ठाम मत आहे.

उरले काय? गावसभा न्यू इंग्लंडच्या खेड्यांत अजून भरते. बॉस्टनच्या प्युरिटनांचा १६४७ चा शाळेचा कायदा: पन्नास घरांच्या गावाने लिहायला-वाचायला शिकवणारा नेमायचा, शंभर घरांच्या गावाने लॅटिन शाळा काढायची. विवाह पाद्र्याने नव्हे तर न्यायाधिकाऱ्याने लावायचा, ही डच रीत प्लिमथमध्ये १६२१ पासून. आणि एक धागा आपल्यापर्यंत येतो. या दोन्ही मंडळींच्या काँग्रिगेशनल चर्चांनी १८१० मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये मिशन बोर्ड स्थापले, त्याचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ ला मुंबईत उतरले. अमेरिकन मराठी मिशन, अहमदनगरच्या शाळा, १८४२ पासूनचे ज्ञानोदय नियतकालिक, पुढे रेव्हरंड ना. वा. टिळक हे सगळे त्या फांदीवरचे.

आता एक गोष्ट मान्य करायला हवी, नाहीतर कोणीतरी कॉमेंटमध्ये ब्रॅडफर्ड फेकून मारेल. सामायिक कामाने कुरबुरी वाढल्या असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. दुसऱ्याच्या बायकामुलांसाठी विनामोबदला का राबायचे, असे तरुण म्हणत. परक्या पुरुषांचे कपडे धुणे बायकांना गुलामी वाटे. आणि वाटणी झाल्यावर सगळ्यांनी मका जास्त लावला. हे बरोबर आहे. पण १६२३ च्याच उन्हाळ्यात मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत पाऊस नव्हता, आणि त्या वर्षीचे पीक वाचले ते नंतर पडलेल्या पावसाने. शिवाय तिथल्या मूळ रहिवासी वाम्पानोआग लोकांबद्दल मी इथे फारसे लिहिले नाही. त्यांचा प्रमुख मॅसासॉइट याने १६२१ ला पिलग्रिमांशी तह केला. त्याचाच मुलगा मेटाकॉम १६७६ मध्ये मारला गेला आणि त्याचे डोके प्लिमथमध्ये खांबावर टांगले गेले. वारसा मोजताना तेही मोजा.

पुढच्या वेळी तो मजकूर आला तर पाठवणाऱ्याला एवढेच विचारा: माणसे कोणत्या महिन्यात मेली आणि पेरणी कोणत्या महिन्यात झाली? तरी ऐकले नाही तर हिशेब दाखवा. लंडनचे देणे नऊ हप्त्यांत फिटलेच नाही. ते १६४० च्या दशकापर्यंत चालले आणि शेवटी ब्रॅडफर्ड, विन्स्लो, स्टँडिश या वसाहतीच्या पुढाऱ्यांना स्वतःची घरे आणि जमिनी त्यात घालाव्या लागल्या.