विमानतळाचा खर्च नेमका कोण भरतो?

प्रश्न : सार्वजनिक मालकीच्या विमानतळाचा विस्तार व्हायचा असला की तो करदात्यांच्या पैशातून होणार, असे म्हटले जाते. विमानप्रवास क्वचितच करणाऱ्या माझ्यासारख्यालाही हा भार उचलावा लागतो का? आणि तिकिटातून शुल्क घेतले जात असताना तिथल्या दुकानांच्या उत्पन्नाचे काय होते?

उत्तर : विमानांची भरपूर ये-जा असलेला विमानतळ आपला रोजचा खर्च सहसा स्वतःच भागवतो. विमानाच्या वजनानुसार आकारले जाणारे लँडिंग शुल्क, विमान उभे करण्याचे भाडे आणि प्रवासी शुल्क ही त्याची एक बाजू. दुकाने, वाहनतळ, जाहिराती आणि जागांची भाडी ही दुसरी. छोट्या विमानतळाची गोष्ट वेगळी आहे. दिवसाला दोनच विमाने उतरली तरी अग्निशमन दल सज्ज ठेवावेच लागते, त्यामुळे तिथे सरकारी मदतीवाचून भागत नाही, आणि दुर्गम भागासाठी ती मदत मला योग्यच वाटते.

धावपट्टी किंवा टर्मिनल मात्र एका वर्षाच्या उत्पन्नातून उभे राहत नाही. त्यासाठी रोखे काढले जातात आणि पुढची अनेक वर्षे तिथून प्रवास करणारेच ते फेडतात. अमेरिकेत याला अनुदानाची जोड असते. १९७० मध्ये स्थापन झालेल्या विमानवाहतूक निधीतून ते मिळते आणि तो निधी मुख्यतः तिकिटांवरील व इंधनावरील करांतून भरतो, म्हणजे तोही कर बहुतांशी उडणाऱ्यांचाच. शिवाय तिथला विमानतळ सुधारणांसाठी प्रवाशाकडून एका उड्डाणामागे कमाल साडेचार डॉलर घेऊ शकतो. ही मर्यादा २००० सालच्या कायद्याने ठरली आणि महागाईने तिची किंमत केव्हाच कुरतडली आहे.

दुकानांबद्दलचा आपला प्रश्न अधिक नाजूक आहे. सगळे उत्पन्न एकाच गल्ल्यात धरून विमान कंपन्यांचे शुल्क तेवढ्याने कमी करायचे, ही ‘सिंगल टिल’ पद्धत कंपन्यांना प्रिय आहे. दुकानांचा गल्ला वेगळा ठेवणारी ‘ड्युअल टिल’ पद्धत विमानतळ चालवणाऱ्यांना आवडते, कारण तो नफा त्यांच्या हाती उरतो. काही ठिकाणी त्या नफ्याचा ठरावीक हिस्साच शुल्क कमी करण्यासाठी वापरला जातो. प्रवाशाकडून घेतलेला पैसा अन्यत्र वळू नये, हा मुद्दा मला यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. अमेरिकी कायद्यानुसार सरकारी अनुदान घेणाऱ्या विमानतळाचे उत्पन्न शहराला, काही जुने अपवाद सोडल्यास, रस्ते किंवा शाळांवर खर्च करता येत नाही.

तरीही आपण पूर्णपणे सुटत नाही. २०२० च्या महासाथीत प्रवासी नाहीसे झाले, पण रोख्यांचे हप्ते आणि सुरक्षेचा खर्च थांबला नाही. तेव्हा अमेरिकेने विमानतळांना सुमारे १० अब्ज डॉलर दिले, तेही विमानवाहतूक निधीतून नव्हे, तर सर्वसाधारण तिजोरीतून. त्यात कधीही विमानात न बसलेल्यांचाही वाटा होता.