उपवासाला राहिलेल्या बारा गोळ्या

"बीपीची गोळी एकदा लागली की जन्माची लागते म्हणतात. मग जमेल तेवढी लांबवलेली बरी ना?"

माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून हा प्रश्न रोज कुणीतरी विचारतं. काही जण विचारत नाहीत, परस्परच लांबवतात. त्यांच्यातल्या एका मावशींची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात समुपदेशक आहे. 2017 च्या अखेरीस उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम ज्या पहिल्या जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात सातारा होता. इथे महिन्याभराच्या गोळ्या मोफत मिळतात, त्यामुळे पैशांवाचून गोळी राहिली असं सहसा होत नाही. ती राहते दुसऱ्याच कारणांनी.

मावशी पंचावन्नच्या. अ‍ॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम, रोज सकाळी एक. पहिला महिना संपवून आल्या तेव्हा दाब 168/102 होता. मी विचारलं, "गोळ्या घेताय ना?"

"घेते की."

मी कार्डावर 'नियमित' लिहून मोकळी झाले. आत डॉक्टर दुसरी गोळी जोडायच्या विचारात होते. तेवढ्यात मावशींनी पिशवीतून चष्मा काढला आणि त्याबरोबर गोळ्यांची पाकिटं खाली पडली. उचलून देताना मी सहज मोजल्या. तीस दिवस उलटून गेले होते आणि बारा गोळ्या शिल्लक होत्या. औषध कमी पडलेलं नव्हतं, पोटात गेलंच नव्हतं. अशा वेळी डोस वाढला असता आणि मावशींनी घाबरून एखाद्या आठवड्यात दोन्ही गोळ्या नेमाने घेतल्या असत्या, तर दाब एकदम उतरून घेरी आली असती. त्या दिवसापासून मी "घेता का?" असं विचारत नाही. "कुठल्या दिवशी राहते?" असं विचारते. या प्रश्नाला लोक खरं सांगतात.

मावशींनी बोटांवर हिशेब दिला. सोमवार चार. मार्गशीर्षातले गुरुवार चार. एकादशी दोन, संकष्टी एक. बारावी भाचीच्या हळदीत राहिली.

"उपाशीपोटी गोळी कशी घ्यायची? आतडी जळत्यात."

मला हे आधी सुचायला हवं होतं. आमच्याकडच्या बायकांचे उपवास मोजले तर महिन्यातला तिसरा हिस्सा त्यातच जातो. डॉक्टरांनी मावशींना समजावून सांगितलं की त्यांची ही गोळी जेवणाआधी घ्या, नंतर घ्या, नुसत्या पाण्याबरोबर घ्या, चालते. सगळ्याच औषधांचं असं नसतं, म्हणून ज्याने त्याने आपल्या गोळीबद्दल विचारून घ्यावं. त्या दिवशी दुसरी गोळी काही जोडली नाही. आहे तीच महिनाभर रोज घ्यायची ठरली. उपवासाच्या ताटाबद्दलही बोलणं झालं. वेफर्स, खारे शेंगदाणे, वर सैंधव. सैंधवातही सोडियम असतंच, ते उपवासाला चालतं म्हणून दाबाला चालत नाही.

पण मावशींच्या चेहऱ्यावरून वाटलं की गोष्ट उपवासावर संपलेली नाही. थोडा वेळ गप्प बसून त्या म्हणाल्या, "मधी दाब बरोबर आलावता. मग कशाला खायची? आमची जाऊ म्हणती, सवय लागती अन् किडनी जाती."

सवय लागणं म्हणजे काय, ते मी सांगितलं. तंबाखूची तलफ येते, दिवसेंदिवस जास्त लागते. या गोळीची तलफ येत नाही. बंद केली की दाब पुन्हा पहिल्या जागी जातो, कारण मूळ दुखणं तिथंच असतं. आणि किडनी या गोळीने जात नाही, वर्षानुवर्षं चढलेल्या दाबाने ती जाऊ शकते. मावशी ऐकत होत्या, पण पटल्यासारखं दिसत नव्हतं.

पटवलं ते काकांनी. इतका वेळ ते दाराशी उभे होते. म्हणाले, "अगं, आपल्या शेतातल्या ड्रिपचं बघ की. प्रेशर वाढलं की नळ्या सांध्यात सुटत्यात. म्हणून बायपासचा कॉक जरा उघडा ठेवतो, मग घड्याळात काटा बरोबर येतो. काटा बरोबर आला म्हणून कॉक बंद करतो का आपण?"

मावशी म्हणाल्या, "न्हाई. बंद केला की परत फुटंल."

मला त्यापुढे काही सांगायला उरलं नाही. एवढंच जोडलं, की वजन उतरलं, मीठ कमी झालं, चालणं वाढलं की काहींचा डोस डॉक्टर कमी करतात, क्वचित गोळी थांबवतातही. पण ते दाब मोजत, त्यांच्या देखरेखीखाली. आपल्या मनाने नाही. काही औषधं तर अचानक सोडली की दाब आधीपेक्षाही वर उसळतो.

निघता निघता मावशी गुडघा चोळत उठल्या, म्हणून त्याबद्दल विचारलं. खुरपणीच्या दिवसांत काका मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणतात, कधी दिवसाला दोन. हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, "ते काय बीपीचं औषध न्हाई" म्हणून. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, दाब वाढवतात आणि किडनीवर ताण आणतात. मी त्यांना परत आत नेलं. डॉक्टरांनी ती गोळी बंद करून गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल दिलं. आयुर्वेदिक चूर्ण असो, सर्दीची गोळी असो की शेजारणीने दिलेलं काही, घरात जे पोटात जातं ते सगळं पिशवीत घालून दवाखान्यात आणावं, असं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते. पायाला सूज आली तरी गोळी सोडायची नाही, येऊन दाखवायचं, हेही सांगितलं. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्याशी सूज येऊ शकते आणि त्यावर डॉक्टरांकडे दुसरा पर्याय असतो.

गोळी ठेवायची जागाही बदलली. आधी ती कपाटात होती. आता देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवली, म्हणजे उपवास असो नसो, पूजा झाली की हात तिकडे जाईल. चुकली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्यायची. दुसऱ्या दिवशी आठवली तर नेहमीचीच एक घ्यायची, दोन कधीच नाही.

पुढच्या महिन्यात मावशी आल्या त्या सोमवारी, उपवास धरून. पाच मिनिटं शांत बसवून दाब घेतला, 136/84. मी काही विचारायच्या आत त्यांनी पाकिटं टेबलावर ठेवली. एक गोळी शिल्लक होती.

"ही परवाची," त्या म्हणाल्या. "ध्यानात आलं ते काल सकाळी. मग ती तशीच सोडली अन् कालची एकच घेतली."