उल्का, अशनी की अग्निगोल?

पेडण्याहून एका वाचकांनी विचारले आहे : मोरजीच्या किनाऱ्यावर रात्री डोळे दिपवणारा हिरवट गोळा समुद्रावरून सरकताना दिसला. शेजारी म्हणाले, 'नखेत्र पडले'. सकाळी कुणी त्याला अशनी म्हणाले, कुणी धूमकेतू. बातमी लिहून पाठवायची आहे, तर कोणता शब्द वापरू?

धूमकेतू आधी बाजूला काढा. तो रात्रीमागून रात्री, कधी आठवडेच्या आठवडे दिसतो. डोळ्यांदेखत पळत सुटत नाही. खरा घोळ आहे तो उल्का आणि अशनी यांचा. वातावरणात शिरलेला दगड तापून पेटतो, त्याची आकाशात दिसणारी प्रकाशरेघ म्हणजे उल्का. जळून उरलेला तुकडा जमिनीवर पोचला तरच तो अशनी. लोणारला आदळला तो अशनी. उल्का शुक्राहूनही तेजस्वी असेल तर तिला अग्निगोल म्हणतात, आणि तुमच्या वर्णनाला हाच शब्द शोभतो.

हा भेद आजचा नाही. वराहमिहिराने बृहत्संहितेत धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत् आणि तारा असे पाच प्रकार सांगितले. त्याची उल्का डोक्याशी मोठी, शेपटीशी बारीक, खाली येता येता वाढत जाणारी. अशनी मात्र मोठा आवाज करीत माणसांवर, जनावरांवर, घरांवर, झाडांवर कोसळणारी, जमीन फाडणारी. जमिनीशी गाठ पडणे ही अशनीची खूण तेव्हापासूनची आहे.

माझ्या मते नामापेक्षा जास्त घात करते ते 'पडला' हे क्रियापद. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशातले साधारण दहा अंश झाकते. क्षितिजापासून एवढ्याच उंचीवर दिसणारी उल्का प्रत्यक्षात ऐंशी किलोमीटर उंचीवर असेल, तर ती तुमच्यापासून जवळपास चारशे किलोमीटर दूर असते. 'समोरच्या समुद्रात पडला' असे छापून आले की लोक होड्या घेऊन शोधायला निघतील! 'दिसेनासा झाला' लिहा.

'उल्का' लिहितानाही जरा थांबा. २ एप्रिल २०२२ च्या रात्री विदर्भात आकाशातून जळत्या गोळ्यांची रांग गेली, ती अनेकांना उल्कापात वाटली. नंतर चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावात धातूचे मोठे कडे सापडले. ते रॉकेटचे अवशेष होते. उल्का बहुधा काही सेकंदांत विझते. अवकाशातला कचरा संथ जातो, तुकडे होत होत, कधी मिनिटभरही दिसतो. म्हणून तो किती वेळ दिसला हे बातमीत हवेच. दिशाही हवी : कारवारच्या कुणी तोच गोळा पाहून दिशा टिपली असेल, तर दोन्ही नोंदींवरून त्याचा मार्ग काढता येतो. इंटरनॅशनल मीटिअर ऑर्गनायझेशन अशा नोंदी घेते.

बातमीचे वाक्य साधारण असे करा : 'मोरजीहून रात्री अमुक वाजता हिरवट अग्निगोल वायव्येकडून नैर्ऋत्येकडे जाताना सुमारे चार सेकंद दिसला, क्षितिजाच्या दोन मुठी वर असताना विझला, नंतरच्या दहा मिनिटांत आवाज आला नाही.' दिशा, सेकंद आणि मुठी तेवढ्या तुमच्या घाला.