पास देणं वेगळं, पास करणं वेगळं

तू विचारलंयस की कॉलेजात चार वर्षं फुटबॉल खेळलो, आता एका फायनान्स कंपनीच्या क्रेडिट, म्हणजे कर्ज देणाऱ्या, टीममध्ये लागायचं बघतोय, तर मैदानावरच्या टीमवर्कचा तिथं खरंच उपयोग होतो का, आणि मुलाखतीत ते कसं मांडायचं.

उपयोग होतो. फक्त 'टीम स्पिरिट' हा शब्द ऑफिसात कुणी काढला की आधी आपला खिसा चाचपावा, असं माझं मत झालंय. का, ते सांगतो.

मी कोल्हापूरचा. एका तालमीच्या संघातून लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, म्हणून खेळायचो. पहिल्या अकरात कधी असायचो, कधी नसायचो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार या संघांची मॅच असली की काय गर्दी होते ते इथल्यांना सांगायला नको. आमच्या मॅचला तेवढी नसायची, पण शिव्या घालायला पुरेशी असायची. अशाच एका मॅचमध्ये मध्यरेषेवरून उंच बॉल आला. मी आणि आमचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, दोघं त्याच्याखाली. मला वाटलं तो घेणार, त्याला वाटलं मी घेणार. बॉल आमच्या दोघांच्या मधे टप्पा पडला आणि त्यांच्या फॉरवर्डनं जाळ्यात सरकवला. मारलासुद्धा नाही, सरकवला. आमचा गोलकीपर पळत आला आणि त्यानं दोघांच्याही घरच्यांचा उद्धार केला.

दुसऱ्या दिवशी सरावाला एका जुन्या खेळाडूनं आम्हा बॅकच्या सगळ्यांना एका ओळीत उभं केलं. म्हणाला, "चुकला तरी चालंल, पण वरडा." आठवडाभर तेच. "माझा!", "सोड!", "मागं माणूस!" घसा बसला. समोरच्या फॉरवर्डला ऑफसाइड पकडायचा सापळाही असाच असतो, बॅकचे चौघं एकदम पुढं आले तर चालतो. एकजण गपचूप मागं राहिला की चौघंही फसतात.

आता बँक. मी पुढं इथल्याच एका सहकारी बँकेत लागलो आणि काही वर्षांनी शाखेत पासिंगला बसलो. मेकर-चेकर तुला माहीत असेलच, एकानं एंट्री टाकायची, दुसऱ्यानं तपासून पास करायची. तिजोरीला दोन किल्ल्या दोघांकडे असतात, त्यातलाच प्रकार.

मार्चची तीस तारीख. एका कर्जदाराचं खातं थकलेलं, ९० दिवस भरत आलेले. एकतीसला एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, धरावं लागणार, मग बुडीपोटी नफ्यातून तरतूद आली, जमा धरलेलं व्याज उलटवणं आलं, शाखेचा नफा खाली. संध्याकाळी माझ्यापुढं व्हाउचर आलं: त्याच माणसाच्या भावाच्या फर्मला त्याच दिवशी कर्जमर्यादा वाढवून दिलेली, आणि ती रक्कम लगेच या थकीत खात्यात वर्ग. एका खिशातून दुसऱ्या खिशात, आणि दोन्ही खिसे बँकेचेच.

मी मॅनेजरसाहेबांकडे गेलो. ते फुटबॉलचे शौकीन, मी खेळायचो हे त्यांना माहीत. हसून म्हणाले, "तू खेळाडू माणूस, तुला टीम स्पिरिट सांगायला पाहिजे का? दे की पास."

आणि मी दिला.

इथं मला दुसऱ्या कुणाला दोष देता येत नाही. ओरडायची सवय मैदानावर लागली होती, ऑफिसात शिरताना ती बुटांसोबत बाहेर काढून ठेवली होती. ऑडिटरनं पुढं ते खातं काढलं तेव्हा पहिला प्रश्न हाच होता की हे पास कुणी केलं. साहेब म्हणाले, "चेकर हे आहेत. यांनी बघायला नको होतं?" माझी वेतनवाढ थांबली. ज्यानं ते कर्ज सुचवलं होतं त्याचा त्याच वर्षी ठेवी-कर्जवाढीबद्दल सत्कार झालेला, नारळ-शाल सगळं. फॉरवर्डचं असंच असतं म्हणा. आपला अनिकेत जाधव २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला खेळला तेव्हा सगळ्या पेठा खूश होत्या, मीही होतो. पण त्या संघाचा लेफ्ट बॅक कोण होता विचारलं तर स्टेडियमबाहेरच्या टपरीवर किती जण सांगतील?

बेअरिंग्ज बँकेचं तू अभ्यासात वाचलंच असशील. सिंगापुरात निक लीसन सौदेही तोच करायचा आणि त्यांच्या हिशेबाची बाजूही तोच सांभाळायचा. फॉरवर्ड आणि रेफ्री एकच. १९९५ साली ८२ कोटी पौंडांच्या वर तोटा निघाला आणि दोनशेहून जास्त वर्षं जुनी बँक एका पौंडाला विकली गेली. तो 'टीम प्लेअर' नव्हता म्हणून हे झालं नाही. "सोड, माझा" म्हणणारा दुसरा माणूस त्या जागी नेमलाच नव्हता.

तेव्हा मैदानावरून घेऊन जायचं असेल तर एवढंच घेऊन जा: बॉल कुणाचा, ते मोठ्यानं बोलायचं. "हे मी बघितलेलं नाही", "हे तुम्ही बघताय असं मी धरतोय", आणि शक्यतो मेलवर. गप्प राहून सांभाळून घेण्याला आमच्या तालमीत तरी कुणी टीमवर्क म्हणत नव्हतं.

सगळ्या शाखा अशा नसतात, हेही सांगायला पाहिजे. पुढच्या मॅनेजरबाईंनी माझी दोन व्हाउचरं स्वतः परत पाठवली, एकदा भर काउंटरवर, आणि पाच मिनिटांनी चहा मागवला. खेळात असंच होतं, शिवी तिथल्या तिथं संपते. शिवाय तुझी कंपनी वेगळी, तिथं सगळं सिस्टिमवर असेल, माझं ज्ञान जुनं.

मुलाखतीचं मला फारसं कळत नाही. बॅक खेळला असशील तर न लाजता सांग.

ते साहेब आता निवृत्त झालेत. सीझनला शाहू स्टेडियमवर अजून भेटतात, नमस्कार-चमत्कार होतो. परवा कुणाच्या तरी बॅकनं बॉल सोडला, तर सगळ्यांच्या आधी हेच उठून ओरडले, "अरे, बघायला नको?" मी शेंगदाणे खात बसलो होतो.