कॉपर पेप्टाइडच्या पॅकेजसाठी रिटायरमेंटची गुंतवणूक वर्षभर थांबवू का?

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. वय 45, नोकरी चालू, आणि कॉपर पेप्टाइडचं (सुरकुत्यांसाठी विकला जाणारा, तांबं जोडलेला प्रथिनाचा छोटा तुकडा) वर्षाचं पॅकेज, म्हणजे सीरम प्लस इंजेक्शनं, हप्त्यांवर घ्यायचंय म्हणून रिटायरमेंटची दरमहाची गुंतवणूक "फक्त एक वर्ष" थांबवायची असं तुमच्या मनात आहे. माझं मत सरळ सांगते, गुंतवणूक थांबवू नका आणि हप्ते तर अजिबातच नको. नुसतं सीरम वापरून बघायचं असेल तर खुशाल बघा.

ही वस्तू थोतांड नाहीये. जीएचके नावाचं हे पेप्टाइड आपल्या रक्तातच असतं, लोरेन पिकार्ट यांनी 1973 मध्ये ते शोधलं, विशीत रक्तात मिलीलिटरला 200 नॅनोग्रॅमच्या आसपास असतं ते साठीपर्यंत 80 वर येतं, आणि लॅबमध्ये त्यामुळे पेशी जास्त कोलॅजन, म्हणजे त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन, बनवतात हेही दिसलंय. विकणारे इथपर्यंतच सांगतात. पण माणसांच्या चेहऱ्यावर लावून झालेले अभ्यास छोटे आहेत, थोड्या आठवड्यांचे, आणि त्यात बारीक सुरकुत्या जराशा कमी झाल्या एवढंच दिसलं. तेवढा फायदा टिकवायचा तरी लावत राहावं लागणार, मग हा खर्च एका वर्षाचा कसा? पुढच्या वर्षी पॅकेज संपलं की पुन्हा हाच प्रश्न येणार आणि तेव्हा गुंतवणूक परत सुरू करायला हात धजत नाही, हे मी खूप जणांचं बघितलंय.

आकडा बघा. या वर्षीचे 12 महिन्यांचे पैसे नेहमीसारखे गुंतवले, वर्षाला सरासरी 10 टक्के वाढ मिळाली, तर तुम्ही 60 च्या होईपर्यंत ते जवळपास चौपट होतात. म्हणजे एक वर्ष थांबलात तर म्हातारपणाच्या पैशातून साधारण 48 महिन्यांच्या गुंतवणुकीएवढी रक्कम गेली.

इंजेक्शनं पूर्ण बाजूला ठेवा. त्वचेवर लावायचं कॉस्मेटिक वेगळं आणि शरीरात टोचायचं औषध वेगळं, अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने याचं एकही इंजेक्शन मंजूर केलेलं नाही, ऑनलाइन मिळणाऱ्या कित्येक कुप्यांवर तर "फक्त संशोधनासाठी" असं छापलेलं असतं. आणि तुम्ही पाठवलेल्या कराराचं ते बारीक अक्षरातलं कलम वाचलंत का, पुरळ आलं आणि मध्येच बंद केलं तरी उरलेले हप्ते भरायचेच आहेत.

चेहऱ्यासाठी पैसे घालायचेच तर आधी सनस्क्रीन. ऑस्ट्रेलियातला अभ्यास आहे, 2013 चा, साडेचार वर्षं रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांमध्ये त्वचा वयस्कर होण्याचं प्रमाण 24 टक्के कमी निघालं. त्यानंतर सीरम, तेही दर महिन्याच्या हातखर्चातून, एकावेळी एकच बाटली, लेबलवर "कॉपर ट्रायपेप्टाइड-1" लिहिलेलं बघून. विल्सन डिसीज, म्हणजे शरीरात तांबं साठत जाण्याचा आजार, असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेही नको.

ऑफिसात सगळे तरुण दिसतात आणि आपण मागे पडतोय असं वाटतं हे तुम्ही लिहिलंत, ते मी हलक्यात घेत नाहीये. म्हणूनच हातखर्चात यासाठी वेगळी रक्कम ठेवा म्हणते, लपूनछपून नको.

टोकन भरलंय ना, मग आजच रद्द करतेय असा मेल टाका, फोनवर सांगून भागणार नाही, आणि बँकेत हप्त्याची ऑटो डेबिटची परवानगी दिली असेल तर तीही काढून घ्या.