ध्यानाला बसलं की मन जास्तच भटकतं. काय करावं?

यात तुमचा दोष नाही. गीतेच्या ६व्या अध्यायात अर्जुनाचीही हीच तक्रार आहे: मन आवरणं वाऱ्याला आवरण्याइतकं अवघड. कृष्ण ते नाकारत नाही, अभ्यास (म्हणजे पुन्हा पुन्हा सराव) आणि वैराग्य (म्हणजे विषयांची ओढ सोडणं) हे दोन उपाय देतो. पतंजलींच्या योगसूत्रांतही (१.१२) हेच दोन आहेत, अभ्यास मात्र दीर्घकाळ, खंड न पाडता, आदराने करायचा. माझ्या मते खंड न पाडणं सर्वांत मोलाचं, मग १० मिनिटं का असेनात.

तुम्ही सोलापूरचे असाल, तर ऊन चढायच्या आत सिद्धेश्वर तलावाकाठी बसा. लक्ष श्वासावर ठेवा. मन जिथे जिथे पळेल तिथून परत आणा, स्वतःवर न चिडता, हे परत आणणं म्हणजेच साधना (गीता ६.२६). आणि वैराग्याची सुरुवात म्हणून मोबाईल घरीच ठेवा.